‘तिशीच्या आत पाळणा’ आणि फुकटचे सल्ले

विडीवालीची लेक:
परवा इथं एका काकांनी लिहिलं, ‘करिअरच्या नादात पोरी वय घालवतात, मग दवाखान्याच्या पायऱ्या झिजवतात. तिशीच्या आत पाळणा हललाच पाहिजे.’ दोन दिवस गप्प बसले, आता नाही बसवत.

माझी आई रोज हजार विड्या वळायची. पुढ्यात सूप, मांडीवर मी, तोंडावर तंबाखूची धूळ. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती नको म्हणाली. दवाखान्यात सांगितलं, नवऱ्याची सही आणा. वडिलांनी केली नाही. गर्भपाताचा कायदा १९७१चा. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कुठंच नाही. हे मला परवा-परवा कळलं. ते तिसरं म्हणजे माझी धाकटी बहीण, आमच्या सगळ्यांच्या जिवाची. म्हणून घरात बोलता येत नाही. पण सही मागितली ती मागितलीच.

मी चौतीस. ‘नको’ म्हटलेलं नाही, ‘आत्ता नको’ म्हटलंय.

होटगी रोड:
ताई, तो काका मीच. निसर्गाला कायदा कळत नाही. पस्तिशीनंतर बाईची बीजं कमी होतात, हे डॉक्टर सांगतात. माझ्या सुनेच्या आयव्हीएफच्या तीन फेऱ्या झाल्या, प्लॉट विकला. घरात सोसलंय म्हणून बोलतो.

कडक भाकरी:
तपासणी आधी सुनेचीच ना? मुलाची कधी?

होटगी रोड:
झाली. उशिरा झाली, मान्य.

कडक भाकरी:
वाटलंच. एनएफएचएस-५, म्हणजे सरकारचं कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, देशातल्या जोडप्यांत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया बायकांची ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. निसर्ग सगळा आमच्याच वाट्याला.

हुतात्मा एक्स्प्रेस:
मूल नंतर बघू. आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी, तेही रात्री दोनला. दुपटी कशात धुवायची?

सात रस्ता:
इथं पण पाणी काढलास का बे? धरण, उजनी भरलीय की!

हुतात्मा एक्स्प्रेस:
भरली म्हणून नळाला येतं का? उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनीचं ऐकत लग्न झालं, पोरगी शाळेत गेली.

सात रस्ता:
तुमच्यासारखे मोटारी लावतात, म्हणून आम्हाला प्रेशर नाही.

हुतात्मा एक्स्प्रेस:
कुणाला म्हणतोस बे? मोटार दाखव माझी!

विडीवालीची लेक:
भांडा निवांत. रात्री दोनला उठून भरतं कोण, तेवढं लिहा.

हुतात्मा एक्स्प्रेस:
...बायको.

शेंगाचटणी:
मला चोविशीत दोन झाली होती. पोरं शाळेत गेल्यावर गणवेशाच्या कारखान्यात लागले, आज सुपरवायझर आहे. लवकर आई झालेल्या सगळ्या बिचाऱ्या नसतात, हे पण लिहा की. मात्र २०१७पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, तसं नव्या पोरींना मुलाखतीत विचारतात, ‘लग्न झालंय, पुढचं काय ठरलंय?’ समोर मीच बसलेली असते. गप्प बसते.

विडीवालीची लेक:
गप्प का बसता?

शेंगाचटणी:
पगार तुम्ही देणार का?

होटगी रोड:
सहीचं मला माहीत नव्हतं, ते बरं कळलं. वयाचं मात्र मागं घेणार नाही.

विडीवालीची लेक:
नका घेऊ. सुनेचं इथं लिहिलंत, तिला विचारलं होतं?

होटगी रोड:
प्लॉट माझा होता ताई.

कडक भाकरी:
अन् पोट?

सात रस्ता:
पाणी आलं बे आमच्याकडं! उठा!

विडीवालीची लेक:
तुम्हीच उठा की.