मदत हवी आहे : बादली नुसती धरून ठेवली तरी स्नायूंची ऊर्जा का खर्च होते?

सर्वांना नमस्कार. माझी भाची यंदा अकरावीला आहे आणि जीवशास्त्रातील स्नायूंचे प्रकरण आम्ही दोघी मिळून वाचत आहोत. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे असल्यामुळे पाठांतराच्या पलीकडचा प्रश्न आला की माझी गाडी अडते, आणि परवा ती अशीच अडली.

आम्हाला जे समजले ते आधी लिहिते. त्यातच चूक असेल तर कृपया दाखवावी. हाडांना जोडलेला स्नायू म्हणजे तंतूंची जुडगी, प्रत्येक तंतूत शेकडो बारीक तंतुके, आणि प्रत्येक तंतुकात एकापुढे एक जोडलेली सार्कोमिअर नावाची छोटी एकके, ज्यांची लांबी विश्रांतीच्या वेळी दोन ते अडीच मायक्रोमीटर असते. सार्कोमिअरच्या दोन्ही टोकांच्या झेड रेषांपासून अ‍ॅक्टिनचे पातळ धागे आत येतात आणि मधोमध मायोसिनचे जाड धागे असतात. स्नायू आखडतो तेव्हा यांपैकी कोणताच धागा आखूड होत नाही; पातळ धागे जाड धाग्यांच्या मधून आत सरकतात, त्यामुळे सूक्ष्मदर्शकात दिसणारा गडद पट्टा (जाड धाग्यांचा) आहे तेवढाच राहतो आणि फिकट पट्टा (जिथे फक्त पातळ धागे असतात तो) अरुंद होतो. (१९५४ साली दोन स्वतंत्र गटांनी हे मांडले, दोन्हींत एकेक हक्सली होते आणि ते एकमेकांचे नातेवाईक नव्हते, ही गंमत मात्र मला विनासायास पाठ झाली.) चेतातंतूचा संदेश आल्यावर तंतूच्या आत कॅल्शियम सुटते, ते पातळ धाग्यावरील ट्रोपोनिन या प्रथिनाला जोडले जाते, अ‍ॅक्टिनवरील पकडीच्या जागा झाकणारे ट्रोपोमायोसिन बाजूला सरते आणि मायोसिनची डोकी अ‍ॅक्टिनला पकडून ओढतात, हेही समजले.

आता प्रश्न. कोपर काटकोनात ठेवून मी अर्धी भरलेली बादली नुसती धरून उभी राहिले, तर बादली हलत नाही, म्हणजे धागेही सरकत नसणार. तरीही थोड्याच वेळात दंड थरथरू लागतो. उलट मृत्यूनंतर काही तासांनी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) संपते आणि स्नायू काहीही खर्च न करता ताठ होतात. मग जिवंत स्नायूला ताठ राहण्यासाठी एटीपी का लागावे? टेबलाला तर लागत नाही, असे भाचीचे म्हणणे आहे.

प्रतिसाद १

तुमची मांडणी बरोबर आहे. अडचण एवढीच, की एटीपी पकड घट्ट करते असे तुम्ही गृहीत धरले आहे, आणि प्रत्यक्षात ते पकड सोडवते. एटीपीचा रेणू येऊन जोडला गेला की डोके अ‍ॅक्टिनपासून सुटते. मग त्या रेणूचे विघटन होते आणि डोके पुन्हा ताणल्या अवस्थेत येते. पुढे अ‍ॅक्टिनला चिकटून फॉस्फेट बाहेर पडताना ओढ बसते. मृत शरीरात सोडवणाराच उरत नाही, म्हणून डोकी जिथल्या तिथे अडकून राहतात. जिवंत तंतूत एटीपी मुबलक असते, त्यामुळे कोणतेही डोके फार वेळ चिकटून राहू शकत नाही. ते सुटते तेव्हा त्याच्या वाट्याचा भार दुसऱ्या डोक्यांनी पेलावा लागतो. बाहेरून बादली स्थिर दिसते, पण आत असंख्य डोकी आळीपाळीने पकडत, ओढत आणि सुटत असतात. बाहेर काम होत नसल्याने खर्चलेली सगळी ऊर्जा अखेर उष्णतेत जाते. स्नायूतील हीच उष्णता मोजण्याच्या कामासाठी ए. व्ही. हिल यांना १९२२ चे नोबेल मिळाले.

शिवाय सुटलेले कॅल्शियम सतत परत साठ्यात ओढावे लागते. दोन कॅल्शियम आयनांमागे एटीपीचा एक रेणू खर्च होतो, आणि एकूण खर्चात हा वाटा मुळीच किरकोळ नसतो.

भाचीला सांगा, टेबल सैल पडू शकत नाही. स्नायूला क्षणात सैल पडता यावे लागते, आणि त्यासाठीच पकड कायमची नसते. शिंपल्यांच्या काही स्नायूंत मात्र ती बरीच टिकून राहते, त्यामुळे ते शिंपले फारशी ऊर्जा न खर्चता कित्येक तास मिटून राहू शकतात.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. भाचीने लगेच पुढचे विचारले आहे : बादली सावकाश खाली ठेवताना स्नायू लांब होत असतो, मग तेव्हा डोकी उलटी ढकलतात का?

प्रतिसाद २

नाही, ती ओढतच असतात. पण भार त्यांच्यावर मात करतो आणि चिकटलेली बरीच डोकी एटीपी न वापरता उपटली जातात. म्हणून हे काम स्वस्त पडते. १९५२ साली अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून जोडल्या. एकाने पेडल मारायचे आणि दुसऱ्याने ते अडवायचे. बल दोघांचे सारखेच, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन बराच कमी लागला. गड चढताना धाप लागते आणि उतरताना तेवढी लागत नाही, त्याचे एक कारण हेच. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मात्र मुख्यतः उतरल्यामुळे, कारण ताणले जाताना काही सार्कोमिअर मर्यादेबाहेर खेचली जाऊन त्यांची रचना विस्कटते.