सेंट एमिलियों: अर्ध्या दिवसात उरकायचं गाव नाही (मत मांडा)

दगडफूल
फ्रान्समध्ये बोर्दोला जाणारे बरेच जण जवळचं सेंट एमिलियों हे वाईनचं जुनं गाव 'डे ट्रिप'मध्ये उरकतात. सकाळची बस, दोन ठिकाणी वाईन टेस्टिंग, चौकात फोटो, की संध्याकाळी परत. माझं स्पष्ट मत आहे की असं करायचं असेल तर जाऊच नका, वाईन बोर्दोतही मिळते. आम्ही मे महिन्यात दोन रात्री राहिलो आणि ते गाव कळलं ते जमिनीखाली उतरल्यावर. आठव्या शतकात एमिलियों नावाचा संन्यासी ब्रिटनीहून (फ्रान्सचा वायव्य भाग) येऊन इथल्या एका गुहेत राहिला, त्याच्यावरून गावाचं नाव. पुढे त्या गुहेशेजारी लोकांनी चुनखडीचा कडा आतून कोरून अख्खं चर्च काढलं, जवळपास ३८ मीटर लांब. बांधलेलं नाही हो, कोरलेलं! आत शिरल्यावर पहिल्यांदा वेरूळ आठवलं. खांब, कमानी, सगळं एकाच दगडातलं आणि डोक्यावर घंटेचा उंच मनोरा. ते वजन आणि दगडात मुरणारं पाणी यामुळे खांब कमकुवत झाले म्हणून आता त्यांना लोखंडी पट्टे आवळलेत. गाईडशिवाय आत सोडत नाहीत, तिकीट आधीच काढा.
गावाखाली मैलोन्‌मैल जुन्या दगडखाणी आहेत, तोच दगड घरांना, तोच बोर्दोच्या इमारतींना गेला आणि त्याच खाणींत आता वाईन मुरतेय. हे सगळं दोन टेस्टिंगच्या मधल्या वेळात कसं बघणार?

कढीपत्ता
चर्चबद्दल दुमत नाही, पण बाकी गावाचं काय? मी ऑगस्टमध्ये गेले होते, आमच्या गल्लीत दर दुसरं दार वाईनच्या दुकानाचं. एका दुकानात चवीपुरती घेतली तर बाटली घेतल्याशिवाय बाहेर पडू देईनात, इतकं अवघडल्यासारखं झालं. मुलाला सफरचंद हवं होतं, साधं फळांचं दुकान शोधायला अर्धा तास! गावात माणसं राहतात कुठे? अख्ख्या गावाची वस्ती दोन हजाराच्या आत आणि तटबंदीच्या आत तर फारच थोडे. मध्ययुगीन गावच बघायचं तर फ्रान्सच्याच बर्गंडी भागातल्या बोन या गावाला जा. तिथे १४४३ साली निकोला रोलँ या बर्गंडीच्या ड्यूकच्या चॅन्सलरने (मुख्य मंत्र्याने) गरिबांसाठी इस्पितळ काढलं, रंगीत कौलांचं, आणि आतल्या लांबलचक दालनात लाल पडद्यांच्या खाटा अजून तशाच ओळीने मांडल्यात. १९७१ पर्यंत तिथे पेशंट होते. लोकांनी दान दिलेल्या द्राक्षबागांची वाईन दर नोव्हेंबरात लिलावात विकतात, १८५९ पासून, आणि पैसा दवाखान्याला जातो. वाईनने गावाचं भलं केलं म्हणजे काय ते तिथे दिसतं. सेंट एमिलियोंत मला फक्त विक्री दिसली.

दगडफूल
@कढीपत्ता, दुकानाचा अनुभव वाईटच, आणि ऑगस्टच्या गर्दीत तर विचारूच नका. पण विक्रीने गाव बिघडलं हे नाही पटत. ११९९ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने (तेव्हा हा मुलूख त्यांच्याकडे होता) गावाला सनद दिली, कारभार 'ज्युराद' नावाच्या पंचांकडे आला आणि वाईनच्या दर्जावर नजर ठेवणं हेही त्यांचंच काम. राज्यक्रांतीत ती संस्था गेली, १९४८ ला पुन्हा उभी केली, आणि आजही सप्टेंबरात लाल झगे घालून ते राजाच्या बुरुजावर चढतात आणि द्राक्षतोडणी सुरू झाल्याचं जाहीर करतात. वाईनचा बाजार काढून घेतला तर हे गाव उरतंच काय?

कढीपत्ता
तेव्हाचे पंच त्याच गावात राहायचे ना! बाजार आणि वस्ती एकत्र होती. आता बाजार आहे, वस्ती पातळ झालीय, माझा मुद्दा तेवढाच.

निफाडकर
मी द्राक्षवाला, म्हणून वेगळं सांगतो. आम्ही चार शेतकरी गेलो होतो, स्टेशनवर उतरून गावापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं बागांमधूनच चाललो आणि माझ्या डोक्यात एकच, ठिबकची नळी कुठंय? नाहीच. फळावरच्या वेलींना पाणी देण्यावर तिकडे कडक बंधनं आहेत. वेल कमरेएवढे, छाटणी वर्षातून एकदा थंडीत, आपल्यासारखी एप्रिल-ऑक्टोबर अशी दोनदा नाही. विचारलं तर बागवाला म्हणाला खालची चुनखडी स्पंजसारखी पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात मुळांना थोडं थोडं देते. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणून बागा जगवलेल्या आहेत मी, त्यामुळे हे ऐकून खरंच पोटात कालवलं. दगडफूल म्हणतात तो दगड मला असा भेटला. द्राक्षाच्या जाती जास्त करून मर्लो, जोडीला कॅबरने फ्रां. १९९९ ला युनेस्कोने नुसतं गाव नाही, आजूबाजूच्या बागांसकट सगळा परिसर यादीत घेतला. म्हणून माझं मत, राहा, पण तटबंदीच्या बाहेर, बागांत. तिथे माणसं आहेत, पहाटे कामाला जाताना दिसतात.

काठी_आणि_चष्मा
ज्येष्ठांसाठी लिहितो, वय ७१. गावातले चढ भयंकर उभे, गोट्यांची फरसबंदी, काही गल्ल्यांना मधोमध लोखंडी कठडा आहे तो धरूनच उतरावं लागतं. पाऊस पडला की घसरतं. बायकोचे गुडघे पहिल्याच उताराला बोलायला लागले, मग ती वरच्या चौकात बसून राहिली आणि मी एकटाच खाली चर्चला गेलो, तो दिवस मला आवडला नाही. बोन सपाट आहे, तिथे आम्ही दोघं मिळून सगळं हिंडलो. आणि एक दुरुस्ती, वेरूळचं कैलास वरून खाली उघड्यावर कोरलंय, हे चर्च कड्याच्या पोटात आहे, तेव्हा कार्ल्याचं चैत्यगृह जास्त जवळचं.

दगडफूल
कार्ल्याचं अगदी बरोबर, मान्य. गुडघ्यांचा मुद्दाही माझ्याकडून राहिलाच होता. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर आधी बोनच, इथे मी माघार घेतो. पण चालता येत असेल तर एक रात्र तरी राहा, शेवटची बस गेल्यावर त्या चौकात फक्त आपल्या पावलांचा आवाज येतो.

कढीपत्ता
तो आवाज मला रिकाम्या घरांचा वाटतो. तरी @निफाडकर, तुम्ही बागेत राहिलात का कुठे? तसं असेल तर ऑक्टोबरात पुन्हा जाईन, ऑगस्टात मात्र नाही.

निफाडकर
राहिलो नाही, संध्याकाळच्या गाडीने परत बोर्दोला. पण बागांमधल्या बऱ्याच घरांवर खोल्या मिळतील अशा पाट्या होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर तोडणी चालू असायचा संभव आहे, बागवाल्याला आधी विचारून आत जा, कामाच्या वेळी मधे उभं राहिलेलं कुठल्याच शेतकऱ्याला चालत नाही.