मुस्कुलुस: लहान उंदीर की दंडातील बेटकुळी?

प्रश्न: अवयवांच्या नावांवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी स्नायूसाठी असलेल्या 'मुस्कुलुस' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ 'लहान उंदीर' असा दिला, कारण 'मूस' म्हणजे उंदीर आणि '-कुलुस' हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. मुद्रितशोधकांनी समासात लिहिले की, 'वेहिकुलुम' म्हणजे लहान वाहन नव्हे, तेव्हा प्रत्यय निरर्थक समजून नुसते 'उंदीर' ठेवावे. मला एकच मराठी शब्द हवा आहे. 'उंदरी' लिहावे, तर वाचकाला डोक्यावरची चाई आठवेल.

प्रतिसाद: येथे मुद्रितशोधकांची गफलत झाली आहे. 'वेहिकुलुम' हा शब्द 'वेहेरे' म्हणजे वाहून नेणे या क्रियापदावरून साधनवाचक '-कुलुम' लागून झाला. संस्कृत 'वहित्र' मध्ये '-त्र' जे काम करतो, तेच येथे '-कुलुम' करतो. लघुत्वाचा प्रत्यय नामाला लागतो आणि नामाचे लिंग बहुधा जसेच्या तसे ठेवतो. 'क्लाविस' (किल्ली) स्त्रीलिंगी, म्हणून गळ्याखालच्या हाडाचे नाव 'क्लाविकुला' हेही स्त्रीलिंगीच. आपण मात्र लोट्याची लोटी करताना आकाराबरोबर लिंगही बदलून टाकतो.

प्रतिसाद: शब्द घरातच आहे. आजोबा आम्हा नातवंडांना दंड आवळायला लावून 'बेटकुळी दाखव' म्हणत. रोमनांना कातडीखाली उंदीर पळताना दिसला, आपल्याला बेडूक दिसला, एवढाच फरक. शिवाय 'सोनुली', 'तान्हुले' यांतील '-उल' हा लॅटिन '-उलुस'चा सख्खा भाऊच आहे.

प्रतिसाद: बेटकुळी मान्य, भाऊ अमान्य. आपला प्रत्यय प्राकृतातील '-उल्ल' कडून आला, आणि लॅटिनमधील जुने रूप '-ओलोस' असे होते. 'ल' कितीही पुरातन असला, तरी मागाहून आलेल्या उकारावरून सोयरीक जुळवता येणार नाही.

प्रतिसाद: शास्त्रीय लेखात बेटकुळी शोभणार नाही. खरे तर 'स्नायू' हाही शब्द आपण चुकीचा वापरतो. आयुर्वेदात मांसल भागाला 'पेशी' म्हणतात, आणि तोच शब्द शुद्ध होय.

प्रतिसाद: शाळकरी मुलाला 'पेशी' म्हणाल, तर तो सूक्ष्मदर्शक शोधू लागेल. त्या पेशीचे लॅटिन नाव 'केल्लुला', म्हणजे 'केल्ला' या खोलीचे लघुरूप. तेव्हा शुद्धीच करायची असेल, तर तिला आधी 'कोठडी' म्हणावे लागेल.

प्रश्नकर्ता: मला शब्द स्नायूसाठी नव्हे, लहान उंदरासाठी हवा होता.

प्रतिसाद: ते राहू द्यावे. आमच्याकडे 'बेडकुळी' म्हणतात, आणि बेडकापासून आलेल्या शब्दात 'ट' कोठून शिरला, हे कोणी सांगेल काय?