बाप्तिस्मा (पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी) घेतला म्हणजे तारण, म्हणजे पापांपासून सुटका, झालं का?

नाशिकला शरणपूरमध्ये बाप्तिस्मा पाहून कुणीतरी हा प्रश्न विचारलाय. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचं उत्तर 'नाही' असंच आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्र १०:९ मध्ये दोन गोष्टी येतात: येशू प्रभू आहे हे तोंडाने कबूल करणं, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं यावर अंतःकरणापासून विश्वास ठेवणं. तो आपल्या पापांसाठी मेला, हे १ करिंथ १५:३ मध्ये. घोटाळा इथे होतो की माणूस हे सगळं खरं धरतो आणि तिथेच थांबतो. तेवढं तर भुतंही करतात, आणि थरथर कापतात (याकोब २:१९)! आपल्या पुण्याचा हिशेब सोडून सगळा भार येशूवर टाकायचा असतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला बाप्तिस्मा मिळाला नाही, तरी त्याला सुखलोकाचं वचन मिळालंच (लूक २३:४३). कॅथलिक चर्च मात्र बाप्तिस्मा आवश्यक मानतं. पण मनापासून इच्छा असून त्याआधीच मरण आलेल्याला तेही वगळत नाही.