‘सैराट’ नक्की कुणाला कळला?

प्रश्न: २०१६ला आमच्या सोलापुरात लोक पडद्यापुढं नाचले. शेवटी मात्र रक्ताळलेली इवली पावलं अन् आवाज बंद. मी उगाच चप्पल शोधत बसलो. मग हा जातीवरचा सिनेमा की गाण्यांचा?

प्रतिसाद १: दोन्ही. नाचवलं नसतं तर एवढी गर्दी आली असती का? नायिकेचा भाऊ, पाटलांचा प्रिन्स, भर वर्गात दलित सरांच्या कानाखाली वाजवतो, तिथंच सगळं सांगून झालंय की.

प्रतिसाद २: मला नागराज मंजुळेंचाच आधीचा सिनेमा ‘फँड्री’ जास्त लागला. पकडायचं डुक्कर समोर, अन् शाळेत राष्ट्रगीत सुरू! सगळे ताठ उभे. नंतर भिंतीवर बाबासाहेब, पुढून डुकराची कावड. भाषण एक नाही.

प्रश्नकर्ता: पटलं. पण मामांनी पोरीच्या वरातीत ‘झिंगाट’च लावलं. स्थळ मात्र ‘आपल्यातलंच’ शोधलं होतं.