मदत हवी आहे: पावसाळ्यात मॅट टॉपकोट मारावा का? आणि कलणारा न्यू गंडम

नमस्कार मंडळी,

बांदाई कंपनीचा आरजी (रिअल ग्रेड) न्यू गंडम, म्हणजे प्लास्टिकचे तुकडे जोडून करायचा रोबो (१/१४४ प्रमाण), जोडून झालाय. 'चार्स काउंटरॲटॅक' (१९८८) या जपानी ॲनिमेशनपटातला, नायक अमुरो चालवतो तो. उंची जेमतेम पंधरा सेंटिमीटर, पण चिलखताच्या एकेका तुकड्यावर इतकं बारीक काम आहे की हातातून खाली ठेववत नाही. रनरपासून (तुकडे ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात ती) कापलेल्या जागा घासून झाल्या, पॅनल लाइन्स (तुकड्यांवरच्या बारीक खाचा) राखाडी मार्करने भरल्या. आता वॉटरस्लाइड डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची बारीक चिन्हं) आणि त्यावर मॅट टॉपकोट (चमक नसलेला संरक्षक थर) एवढंच राहिलंय. डिकल्सखाली हवा राहून चंदेरी डाग दिसू नयेत म्हणून आधी ग्लॉस (चकचकीत थर) मारणार आहे.

अडचण हवेची आहे. मी रत्नागिरीत राहते. सध्या घरातला आर्द्रतामापक ८५ टक्क्यांच्या खाली उतरत नाही. अशा हवेत स्प्रे मारला तर पृष्ठभाग पांढुरका पडतो असं वाचलंय. टॉपकोट न मारावा तर पोझ बदलताना डिकल्स निघतील. काय करावं? पावसाळा संपेपर्यंत थांबायचं का?

दुसरं म्हणजे, सहाही फिन फनेल (पंखासारखी लांबट शस्त्रं) पाठीच्या एकाच बाजूला असल्याने तो मागे आणि त्या बाजूला कलतो. तीच त्याची शान आहे, त्यामुळे काढून ठेवायचे नाहीत. कपाट काचेचं आहे, समोर पश्चिमेची खिडकी. कोणी हाच किट मांडलाय का?

---

प्रतिसाद:

ताई, स्प्रेची घाई नको. त्यातला द्रावक झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ ओल्या थरावर जमते; पांढुरकेपणा त्यातूनच येतो. पाण्यावर आधारित डब्यांनाही हे चुकत नाही. डिकल्स आता लावायला हरकत नाही, फक्त ग्लॉस हाताने, ब्रशने लावायचा पाण्यावरचा घ्या. डिकल नीट सुकू द्या, वर सॉफ्टनर (डिकल मऊ करून बसवणारं द्रावण) अगदी थोडा. मॅट मात्र उघडीप मिळेल तेव्हाच, पातळ थरांत. त्याआधी डोळे, कॅमेरे आणि पारदर्शक भाग काढून ठेवा, नाहीतर त्यांची चमक जाते.

कलण्यावर उपाय स्टँडच. ॲक्शन बेस (मॉडेल दांड्यावर तोलणारा स्टँड) घ्या आणि दांडा कमरेखाली लावा, म्हणजे वजन पायांवर राहत नाही. जमिनीवरच उभा करायचा असेल तर फनेलच्या विरुद्ध बाजूचा पाय थोडा पुढे, कंबर त्याच बाजूला झुकवून बघा; माझा असाच उभा आहे.

खिडकीचं गांभीर्याने घ्या. ऊन लागलं की पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, आणि साधी काच अतिनील किरणं पूर्ण अडवत नाही. कपाट दुसऱ्या भिंतीला हलवता येईल का? नसेल तर मॅट घेताना यूव्ही कट (अतिनील किरणं अडवणारा) लिहिलेला घ्या, आणि दुपारी पडदा.

---

धागाकर्ती:

कपाट हलतंय, भाऊ मदतीला आहे. ब्रशच्या ग्लॉसला दोन थरांमध्ये किती वेळ द्यावा? आणि फनेलच्या सांध्यांवर लावायचा की ते वगळायचे?