मदत हवी आहे : ओसाकात दोनच दिवस, आर्किटेक्ट तादाओ आंदोचं काय पाहू?

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरात कामासाठी ओसाकाला जातोय, शेवटचे दोन दिवस मोकळे आहेत. मी साइटवरचा माणूस. आपल्याकडे सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) उतरवलं की आधी फुगवटे तासायचे, भोकं बुजवायची, उरलेलं पाप प्लास्टर पोटात घालतं. हा आंदो गडी प्लास्टर करतच नाही! ९० बाय १८० सेंटिमीटरची एकेक प्लेट, तीत सहा गोल भोकं, साच्याच्या बोल्टांची, तशीच ठेवलेली. ती भिंत एकदा हात फिरवून पाहायची आहे.

माणूसही अजब. जन्म १९४१, ओसाकात आजीकडे वाढला, आधी बॉक्सर. आर्किटेक्चरची पदवी नाही. थोर आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएचं जुनं पुस्तक विकत घेऊन त्यातली ड्रॉइंग्ज गिरवून शिकला. १९६५ मध्ये युरोपला गेला, पण भेट व्हायच्या आधीच कॉर्बुझिए वारले. १९६९ ला स्वतःचं ऑफिस, १९९५ ला प्रिट्झकर (आर्किटेक्चरचा सर्वोच्च पुरस्कार), आणि बक्षिसाचे एक लाख डॉलर कोबे भूकंपातल्या अनाथ मुलांना देऊन मोकळा.

त्याने बांधलेलं सुमियोशीचं घर आतून पाहता येतं का? त्याच्या चर्च ऑफ द लाइटला कसं जायचं? त्याची म्युझियम्स असलेलं नाओशिमा बेट एका दिवसात उरकेल?

प्रतिसाद :
सुमियोशीचं घर (१९७६) खासगी आहे, रस्त्यावरून कोरी भिंत आणि दाराची जागा तेवढी दिसेल. खरी गंमत आत आहे. मधला तिसरा हिस्सा उघडा चौक, त्यामुळे पावसात संडासला जायचं तर छत्री घ्या! आपल्या वाड्यातल्यांना नवल वाटायचं नाही.

चर्च ऑफ द लाइट (१९८९) मात्र सोडू नका. भिंतीतच क्रुसाची फट कापली आहे, मुख्य उजेड त्यातूनच येतो. बजेट इतकं तुटपुंजं की बाकं परांचीच्या फळ्यांची. आधी ऑनलाइन बुकिंग लागतं. आणि चर्च आहे ते इबाराकी म्हणजे ओसाकाजवळचं शहर. त्याच नावाचा प्रांत टोकियोच्या पलीकडे आहे, नकाशात तिकडे जाऊ नका.

नाओशिमा एका दिवसात होतं, पहाटे निघालात तर. शिनकानसेननं (बुलेट ट्रेननं) ओकायामा, तिथून लोकलनं उनो बंदर, मग वीसेक मिनिटं फेरी. बेटावरचं आंदोचं चिचू म्युझियम (२००४) जवळजवळ सगळं जमिनीखाली आहे. वेळेचं तिकीट आधी काढा. सोमवारी बहुधा बंद असतं.

धागाकर्ता :
मनापासून आभार. माझा दुसरा दिवस नेमका सोमवार निघाला. म्हणजे आधी बेट, मग चर्च. सोमवारी चर्चमध्ये आत सोडतात का, कुणी गेलंय?